खोटा ससाणा

मी एक जुना घंटापक्षी आहे. जुना म्हणजे किती, ते मला नीट सांगता येणार नाही. आम्ही उन्हाळे मोजत नाही. उजवा डोळा शाबूत आहे, डावा नाही. पिसांचा हिरवा रंग विटला आहे, चोच मात्र अजून पिवळी आहे. आपली कथा सांगावी एवढा मोठा मी कोणी नाही, आणि सांगणार आहे त्यात अभिमान वाटावा असे फारसे काही नाही. तरी सांगतो, कारण सांगायला दुसरे कोणी उरलेले नाही. मित्रांनो, मधेच कंटाळा आला तर खुशाल उठून जा.

माझा जन्म डल्सी ट्रेम्बाथच्या ओढ्यावर झाला. सरकारी नकाशात त्याला दुसरे नाव असेल, पण त्या खोऱ्यात सगळे असेच म्हणत. दोन्ही काठांना उंच निलगिरी, खाली नेच्यांची दाटी, आणि टेकाडावर पत्र्याच्या छपराचे डल्सीचे घर. वाटीएवढ्या घरट्यात मी आणि माझी बहीण वाढलो. आम्हाला भरवायला फक्त आईबापच नव्हते. मोठे भाऊ, चुलते, असे सातआठ जण चोचीत खाऊ घेऊन येत. आमच्यात तशी रीतच आहे. मुली मोठ्या झाल्या की दुसऱ्या थव्यात जातात, आणि आम्ही नर जन्मभर एकाच ओढ्यावर राहून एकमेकांची पिले भरवतो. हे ऐकून तुम्हाला आमचे कौतुक वाटेल. थोडे थांबा.

आमच्या गळ्यात एकच सूर आहे. टिंग. उजाडल्यापासून मावळेपर्यंत आम्ही तो वाजवतो. शंभरावर गळे होते आमचे. एक थांबला की दुसरा, दुसरा थांबला की दहावा. लांबून ऐकणाऱ्याला वाटावे, गळ्यात लहान लहान घंटा बांधलेल्या गाई रानातून चालल्या आहेत. वरच्या रस्त्यावरची माणसे मोटार थांबवत, खाली उतरत आणि डोळे मिटून ऐकत.

डोळे मिटून. तेवढेच चुकत असे.

कारण त्या आवाजाचा अर्थ गोड नाही. 'मी इथे आहे, तू तिथे आहेस, मग मधे परका कोण?' एवढाच त्याचा अर्थ. आमच्या हद्दीत आम्ही दुसरे पाखरू ठेवत नाही. लहान असो, मोठे असो, वीसपंचवीस जण मिळून त्याच्यावर तुटून पडतो. निलगिरीच्या पानांवर तांदळाच्या कणीएवढा एक किडा असतो. तो पानाचा रस शोषतो आणि स्वतःवर साखरेचे पांढरे छप्पर बांधतो. आम्ही ते छप्पर जिभेने अलगद उचलून खातो आणि किड्याला शक्यतो धक्का लावत नाही. तो बिचारा पुन्हा छप्पर बांधतो, आम्ही पुन्हा खातो. तुम्ही गाय पाळता, आम्ही किडा पाळतो. किडे वाढतात आणि पाने करपतात. मग झाड शेंड्याकडून वाळू लागते. हे मला तेव्हा कळत नव्हते असे सांगितले असते, पण खोटे कशाला बोलू? दिसत होते. साखर गोड होती.

माझ्या तरुणपणी ओढ्याच्या दरडीत ठिपक्यांच्या चिमुकल्या पाखरांचे एक जोडपे राहत होते. मातीत बोगदा खणून त्यांनी आत घरटे केले होते. ती पाखरे साखरही खात आणि किडाही खात. थव्याच्या दृष्टीने हा दरोडा होता. मी तेव्हा अंगाने सगळ्यात चपळ. चार दिवस मी त्या बोगद्याच्या तोंडाशी बसून राहिलो. जोडपे चोचीत किडे घेऊन यायचे, मी त्यांना हाकलायचो. आत पिले ओरडत होती. तिसऱ्या दिवशी आवाज बारीक झाला, चौथ्या दिवशी आलाच नाही. मग ते जोडपे निघून गेले. थव्याने माझे फार कौतुक केले. मला थोरल्या झाडावरची चांगली फांदी मिळाली. माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

आता डल्सीबद्दल सांगतो.

ती तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. तिची दृष्टी हळूहळू जात जात पूर्ण गेली होती. तरी रोज सकाळी ती काठी टेकत ओढ्यावर यायची, थोरल्या झाडाखालच्या सपाट दगडावर बसून चहा प्यायची आणि रिकामा झालेला इनॅमलचा मग दगडावर तीनदा वाजवायची. टिंग, टिंग, टिंग. आम्ही उत्तर द्यायचो. आम्हाला तो परका वाटायचा म्हणून आम्ही ओरडायचो, आणि तिला वाटायचे आम्ही तिच्याशी बोलतो.

तिचा मुलगा नेव्हिल, म्हणजे नेव्ह, पन्नाशीचा, दुधाच्या गाई सांभाळणारा, अविवाहित. आई पडेल या धास्तीने त्याने घराच्या ओट्यापासून ओढ्यापर्यंत कुंपणाची तार ओढली होती. ती ओढली त्या दिवशीचे त्यांचे बोलणे मी फांदीवरून ऐकले. रोज ऐकून ऐकून माणसांची बोली मला कळू लागली होती.

"आई, ही तार धरायची आणि चालायचं. थेट पाण्यापर्यंत नेली आहे."

"मी काय दावणीची गाय आहे?"

"गाय असतीस तर निदान ऐकलं असतंस."

"गाय असते तर तू निदान वेळेवर उठला असतास." तिने काठीने तार बाजूला सारली. "माझ्या बापाने बैलगाड्या घेऊन हे सगळं रान पालथं घातलं. घंटा ऐकू आल्या की पाणी जवळ, एवढंच त्याला ठाऊक. कधी चुकला नाही तो."

"आजोबांना डोळे होते, आई."

"आणि मला कान आहेत."

त्या खोऱ्यातल्या जुन्या माणसांचा हा विश्वासच होता. जिथे घंटा तिथे पाणी, जिथे पाणी तिथे हिरवे रान. म्हणून आम्हाला कोणी दगडसुद्धा मारत नसे.

पण वर झाडे वाळत होती. आधी शेंडे गेले, मग फांद्या. थोरले झाड तर एका उन्हाळ्यात पांढरे पडले. डल्सी त्याच्याच खाली बसून इनॅमलचा मग वाजवायची आणि म्हणायची, "ऐकतोयस ना नेव्ह? आज खुशीत आहेत. रान बरं आहे ना रे?"

नेव्ह मान वर करून बघायचा. वर हाडे उभी होती. तो म्हणायचा, "हो आई. हिरवंगार आहे."

शेजारच्या मळ्यातली ग्लेनिस आठवड्यातून दोनदा त्यांचे टपाल घेऊन यायची. जिभेला हाड नसलेली, पण मनाने भली बाई. एकदा ती नेव्हला गोठ्यामागे धरून म्हणाली, "तिला सांगत का नाहीस? वरती नुसते सांगाडे आहेत."

"सांगून काय करू? तिला दिसणार थोडंच आहे? तिच्या डोक्यात तरी हिरवं राहू दे."

"एक दिवस ही हिरवळ तुझ्याच डोक्यात पडेल, लक्षात ठेव."

मित्रांनो, झाड मेले की किडा मरतो, आणि किडा मेला की आमची साखर संपते. थोरल्या झाडावर काही उरले नाही तेव्हा आम्ही हळूहळू सरकू लागलो. आधी ओढ्याच्या वरच्या वळणावर आणि मग टेकाडापलीकडच्या घळीत. त्या घळीत पाणी नव्हते. कधीकाळी सोन्यासाठी माणसांनी तिथे खड्डे खणले होते आणि सोने न मिळाल्याने ते तसेच टाकून ती निघून गेली होती. खड्ड्यांवर नेचे माजले होते. पण झाडे हिरवी होती, आणि पानोपानी किडे.

"नेव्ह," डल्सी ओट्यावरून म्हणाली, "आज घंटा लांब वाटतात रे."

नेव्हला ठाऊक होते आम्ही कुठे गेलो ते. दोनच दिवसांपूर्वी गाय शोधत तो त्या घळीच्या काठापर्यंत आला होता. पण घंटा गेल्या असे सांगितले तर का गेल्या तेही सांगावे लागले असते. तो म्हणाला, "तिथंच आहेत, आई. तुझे कान म्हातारे झालेत आता."

डल्सीने कानामागे हात धरून पुन्हा ऐकून पाहिले. मग म्हणाली, "डोळे गेले, आता कान. पुढे काय, जीभ?"

ग्लेनिस तिथेच टपाल लावत बसली होती. "जीभ नाही जायची, डल्सी," ती म्हणाली. "तुला पुरून आल्यावर पण ती चार दिवस घरी बडबडत राहील."

तिघेही हसले. मला त्या हसण्याची अजून आठवण येते.

त्यानंतर आठवड्याभरात तो दिवस आला. वाळवंटाकडून येणारा उत्तरेचा भाजणारा वारा सुटला होता, पाने तव्यावर टाकल्यासारखी करकरत होती. नेव्ह खालच्या कुरणात पंप दुरुस्त करत होता. डल्सी काठी आणि चहाचा मग घेऊन एकटीच निघाली. सपाट दगडापाशी ती थांबली. कान देऊन उभी राहिली. घंटा पुढे वाजत होत्या. तिचे कान तिला खरे तेच सांगत होते, पण कान म्हातारे झालेत हे तिच्या मुलाने सांगितले होते. आपण दगडापाशी अजून पोचलोच नाही, अशी तिची समजूत झाली असावी. ती पुढे चालू लागली.

घळीच्या तोंडच्या पहिल्याच झाडावर मी होतो. मी तिला पाहिले आणि परका म्हणून जोराने ओरडलो. मागचे सगळे ओरडू लागले. घंटांचा कल्लोळ झाला. डल्सीच्या चेहऱ्यावर हसू फुटले. "आले रे, आले," ती म्हणाली आणि भरभर चालू लागली.

मग नेच्यांचा कडकड आवाज झाला आणि ती दिसेनाशी झाली.

खड्डा दोन पुरुष खोल होता. मी कडेवर जाऊन पाहिले. तिचा पाय अंगाखाली विचित्र वळला होता. ती "नेव्ह! नेव्ह!" अशा हाका मारत होती. आमच्यातल्या दोघातिघांनी तिच्यावर झेपा टाकल्या, कारण ती आमच्या हद्दीत होती. मीही एक टाकली. ऊन चढत गेले, तसा तिचा घसा बसत गेला. शेवटी तिने चाचपडत आपला मग शोधला आणि खड्ड्याच्या दगडावर वाजवू लागली. टिंग, टिंग, टिंग.

तुमच्या लक्षात आले असेल. सबंध घळ तोच आवाज करत होती.

दुपारी वरच्या रस्त्यावर नेव्हची गाडी थांबली. तो आणि ग्लेनिस खाली उतरले. "आई!" नेव्ह ओरडला. दोघांनी कान दिला.

टिंग, टिंग, टिंग.

"ही पाखरं जरा गप्प बसतील तर शपथ!" ग्लेनिस म्हणाली. "काही ऐकू येत नाही बाबा."

"इथे नसेल ती. ओढ्याच्या डोहात बघूया."

गाडी गेली. खाली खड्ड्यात तिचा मग तीनदा वाजला, पुन्हा तीनदा वाजला. मला दिसत होते, कळतही होते. मी साखर खात होतो.

आता मला माझी एक खोड सांगितली पाहिजे. आकाशात ससाणा दिसला की आमच्यातला जो पहिला पाहील तो एक लांब, बारीक शीळ घालतो. ती शीळ ऐकताच सगळा थवा जागच्या जागी थिजतो. चोच मिटलेली, डोळा वर. ससाणा जाईपर्यंत एकही टिंग नाही. पण आमच्यातले काही लबाड ससाणा नसतानाही ती शीळ घालतात. बाकीचे थिजले की तेवढ्यात दुसऱ्याच्या फांदीवरची साखर लुटायची. हा आमच्यातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. मी तो पूर्वी दोनदा केला होता आणि पकडला गेलो नव्हतो.

त्या घळीतली सगळ्यात लगडलेली फांदी तुटक्या शेपटीच्या एका दांडगटाने बळकावली होती. मी म्हातारपणाकडे झुकलो होतो, मला कडेच्या सुक्या फांदीवर बसवले होते. दुपारभर मी त्याच्याकडे बघत होतो. उन्हाने साखर चमकत होती. मला राहवले नाही. मी शीळ घातली.

डल्सीसाठी घातली, असे मला सांगायला आवडले असते. रात्री एकटा असलो की कधी कधी मी स्वतःला तसे सांगूनही बघतो. पण ते खरे नाही. मला ती फांदी हवी होती.

शंभर गळे एकदम बंद झाले. वारासुद्धा त्या क्षणी पडला होता. मी तुटक्या शेपटीच्या फांदीवर उतरलो आणि साखर ओरबाडू लागलो.

नेव्ह आणि ग्लेनिस तेव्हा परत आले होते. डोहात ती सापडली नव्हती. घळीच्या काठावर उभा राहून नेव्ह रडवेल्या आवाजात म्हणत होता, "ती आवाजामागे आली असणार, ग्लेनिस. मीच तिला म्हणालो, तुझे कान गेलेत. मीच..."

मग तो थांबला. सगळी घळ गप्प होती आणि एकच घंटा वाजत होती. ती ससाण्याला भीत नव्हती.

टिंग. टिंग. टिंग.

"थांब," नेव्ह म्हणाला. "हे पाखरू नाही."

दोरी, शिडी, शेजारची माणसे, हे सगळे मग आले. डल्सीला वर काढले तेव्हा तिचे ओठ फुटले होते. नेव्हने पाणी पाजले. पहिला घोट गिळून ती म्हणाली, "कुठे होतास? केव्हाची वाजवतेय." आणि मग, अगदी हळू, "घंटा लांबच होत्या ना रे?"

नेव्हने पाण्याचे भांडे पुन्हा तिच्या ओठांना लावले. 

पण तिकडे थव्याला कळले होते की आकाशात ससाणा नाही, आणि माझी चोच साखरेने माखली आहे. त्यांनी मला कसे मारले ते सविस्तर सांगत नाही; लहान मुले ऐकत असतील. एवढेच सांगतो की डावा डोळा माझ्या सख्ख्या भावाने फोडला. ज्यांना लहानपणी मी भरवले होते तेही त्यात होते. ती ठिपक्यांची पाखरे हद्दीबाहेर गेली होती तसाच मी पडत झडत गेलो.

म्हणून मी वाचलो. तिसऱ्या दिवशी नेव्ह बंदूक घेऊन घळीत उतरला. त्याच्याबरोबर आणखी दोघे होते. दुसरी पाखरे असती तर पहिल्या बारालाच उडून गेली असती. पण आम्ही हद्द सोडत नाही. परका आला की सगळे मिळून त्याच्यावर धावून जातो, एवढेच आम्हाला येते. बार होत गेले, आणि ते जास्त जास्त जवळ येत गेले. नेव्हला नेमसुद्धा धरावा लागला नाही. दुपारपर्यंत घळीतली शेवटची घंटा थांबली. मी समोरच्या टेकाडावरून एका डोळ्याने बघत होतो. तुटक्या शेपटीचा शेवटपर्यंत लढला. माझा भाऊ बराच आधी पडला होता.

डल्सी दोन महिन्यांनी शहरातल्या इस्पितळातून परत आली. आता तिला चालता येत नाही. चाकाच्या खुर्चीत ओट्यावर बसते. आल्या आल्या तिने विचारले, "पाखरं?"

"निघून गेली, आई," नेव्ह म्हणाला. "कुठे ते ठाऊक नाही."

मी एकटाच असल्यामुळे मला कुठलीच हद्द नाही. मी त्या घरापाशीच येऊन राहिलो. नेव्हने ओढ्यापर्यंत ओढलेली ती तार आता गंजली आहे. तिच्यावर मी बसतो. एका सकाळी जुन्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेले. टिंग.

डल्सीने मान वळवली.  मग म्हणाली, "नेव्ह, झाडं कशी आहेत? या वेळी खरं सांग."

नेव्ह दारात उभा होता. "मेली, आई."

"किती?"

"ओढ्यावरची एकूणएक. तीन वर्षं वाळत होती."

"आणि पाखरं?"

"मी मारली. सगळी."

डल्सीने मांडीवरचा मग चाचपला. चहात साखर कमी आहे का, असे विचारावे तशा आवाजात तिने विचारले, "मग हा एक कशाला ठेवलास?"

ती मुलाला दोष देत होती की हुकूम करत होती, ते नेव्हला कळले नाही. मलाही कळलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी खुर्चीच्या लोखंडी हातावर मग तीनदा वाजवते आणि कान देऊन बसते. तिच्या मागे दाराला टेकून नेव्ह उभा असतो, आणि त्याच्या शेजारी दाराला टेकून बंदूक. ती मला मायेने बोलावते की बंदुकीसाठी, हे मी किती दिवस ठरवतो आहे. जन्मभर ज्याला उत्तर दिले त्या आवाजाला मी आता उत्तर देत नाही. गप्प बसायला मी फार उशिरा शिकलो.

ओढ्याच्या दरडीत परवा ठिपक्यांच्या पाखरांचे एक जोडपे आले. नवा बोगदा खणत आहेत. मेलेल्या झाडांच्या बुंध्यांना कुठे कुठे कोवळे फुटवे आले आहेत, त्यांच्यावरचे किडे ती टिपतात. त्यांना पाहून माझे पंख आपोआप उचलले गेले, पण एका डोळ्याने मला अंतर कळत नाही. मी तारेवरच बसून राहिलो. ती मला भीत नाहीत.

मित्रांनो, उपदेश करण्याचा मला काही अधिकार नाही. तरी एवढे ऐका. रानात कानाला गोड लागणारे काही ऐकलेत तर डोळे मिटू नका. मान वर करा आणि पाने बघा. घरात कोणाला दिसत नसेल, तर त्याला हिरवे रान सांगू नका, असेल तसे सांगा. त्याला वाईट वाटेल, पण त्याचा पाय तरी योग्य जागी पडेल. आणि बोगद्याच्या तोंडाशी कोणी बसलेले दिसले, तर आतली पिले गप्प व्हायच्या आधी त्याला तिथून उठवा. मला कोणी उठवले नाही.

सकाळ झाली आहे. डल्सी मग वाजवते आहे. एकदा, दोनदा, तीनदा.

मी चोच मिटून बसलो आहे.